नाकापेक्षा मोती जड : एका परसातला तलाव आणि त्याला जोडलेला स्पा

हे काम माझ्याकडे आलं तेव्हा तलावाचा आकार ठरून गेला होता. निळ्या रंगाने भरलेला ९ बाय ४ मीटरचा आयत, त्याच्या एका टोकाला ४० सेंटिमीटर उंचावर चौकोनी स्पा, म्हणजे गरम पाण्यात बसायचा टब, आणि स्पातून तलावात पडणारी पाण्याची पातळ झालर. चित्र सुरेख होतं. नळ्यांचा कागद कुठे आहे असं विचारलं, तर कंत्राटदार म्हणाले, "तो साइटवर ठरतो, मॅडम."

घरात नवरा-बायको, अकरा आणि पाच वर्षांची दोन मुलं आणि आजी. मालकांना रोज सकाळी पोहायचं होतं, मुलांना डुंबायचं होतं आणि आजींच्या दुखऱ्या गुडघ्यांना संध्याकाळी वीस मिनिटं गरम पाणी हवं होतं. पहिल्या बैठकीत दीड तास तलावावर बोलणं झालं आणि स्पावर पाच मिनिटं. "तो काय, छोटासा टब आहे," असं मालक म्हणाले. पुढचे सगळे महत्त्वाचे निर्णय त्या छोट्याशा टबाने घेतले. पंप, नळ्यांची जाडी, हीटर, रसायनं, गवंडीकाम, आणि शेवटी झालेली गळतीसुद्धा त्याचीच.

एक गोष्ट मी तेव्हाच सांगून टाकली. नऊ मीटरच्या तलावात माणूस पोहण्यापेक्षा वळतो जास्त. मालक हसले, पण लांबी वाढवायला जागा नव्हती. तलाव झाडापासून लांब हवा, उन्हात हवा आणि यंत्रसामग्री शेजाऱ्यांच्या खिडकीखाली नको, एवढं पाळल्यावर परसात दुसरी जागा उरत नव्हती. त्यामुळे जागेचा प्रश्न अर्ध्या तासात मिटला.

खड्डा आधी, तलाव नंतर

खोदाईपूर्वी मी २.२ मीटर खोल चाचणी-खड्डा घ्यायला लावला आणि तो दहा दिवस उघडा ठेवला. कंत्राटदारांना हे वेळ घालवणं वाटलं. वरची माती चिकण, पाणी लवकर न सोडणारी. कोरड्या दिवसांत खड्ड्यात पाणी जमिनीपासून १.३ मीटर खाली स्थिरावलं. आठव्या दिवशी पाऊस झाला, दोन दिवस लागून राहिला आणि पाणी ७० सेंटिमीटरपर्यंत वर आलं.

हा आकडा का महत्त्वाचा, ते मालकांना कागदावर मांडून दाखवलं. काँक्रीटचं कवच म्हणजे जमिनीत रुतवलेली होडी. तळ आणि भिंती २० सेंटिमीटर जाड, पाण्याची सरासरी खोली १.३५ मीटर. स्पा सोडला तर रिकाम्या कवचाचं वजन जेमतेम ३९ टन भरतं. जमिनीतलं पाणी पृष्ठभागाखाली ७५ सेंटिमीटरपर्यंत चढलं की त्याचा वर ढकलणारा जोरही तेवढाच होतो. ६० सेंटिमीटरला तो ४५ टनांवर जातो. तलाव भरलेला असेपर्यंत आतल्या ४८ टन पाण्याचं ओझं त्याला दाबून ठेवतं, त्यामुळे धोका नसतो. धोका असतो तो कुणीतरी भर पावसाळ्यात साफसफाईसाठी तलाव रिकामा करतो तेव्हा. कवच एका बाजूने उचललं जातं, नळ्या तुटतात आणि ते पुन्हा जागेवर बसत नाही.

म्हणून तळाखाली खडीचा थर, त्यात भोकं असलेली नळी आणि ती नळी कोपऱ्यातल्या एका अरुंद निरीक्षण-विहिरीत आणून सोडली. मुख्य ड्रेनमध्ये, म्हणजे तळातल्या पाणी ओढून घेणाऱ्या तोंडात, दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे बाहेरचं पाणी जोर करू लागलं तर ते आत येईल, पण कवच उचलणार नाही. विहिरीच्या झाकणाखाली मी रंगाने एक रेघ मारून ठेवली : ७५ सेंटिमीटर. पाणी रेघेच्या वर असेल तर तलाव रिकामा करायचा नाही, आधी विहिरीतलं पाणी उपसायचं.

खोदाईबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती सगळेच विसरतात. जमिनीतली ७० घनमीटर माती बाहेर आली की फुगून ९० घनमीटरच्या आसपास होते. ती कुठे जाणार आणि गाडी कुठून वळणार हे आधी ठरलेलं नसेल, तर बागेची माती होते.

एका पंपात दोन्ही होतं का?

कंत्राटदारांच्या हिशेबात दीड अश्वशक्तीचा एकच पंप आणि सगळीकडे ५० मिलिमीटरची नळी होती. "मी अशी दहा कामं केली आहेत," असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या दहातल्या किती जणांकडे चालणारे जेट आहेत, हा प्रश्न मी विचारला नाही. आकडे मांडले.

तलावात ४८,६०० लिटर पाणी. सगळं पाणी सहा तासांत एकदा गाळणीतून जायचं असेल, तर मिनिटाला १३५ लिटर प्रवाह लागतो. त्याला ५० ची नळी पुरेशी आहे. स्पात पाणी फक्त २,७०० लिटर, पण जेट, म्हणजे पाण्याचा जोरात मारा करणारी तोंडं, सहा. एका जेटने पाठीला खरोखर जाणवेल असा मारा करायचा, तर त्याला मिनिटाला साधारण ५५ ते ६० लिटर लागतात. सहांचे मिळून ३४० च्या आसपास. म्हणजे अठरा पट मोठ्या तलावाला जेवढं पाणी फिरवावं लागतं, त्याच्या अडीच पट पाणी हा टब मागतो.

ओढणाऱ्या नळीत पाण्याचा वेग सेकंदाला १.८ मीटरच्या वर आणि परतीच्या नळीत २.४ च्या वर जाऊ नये, असा या धंद्यात सर्वमान्य ठोकताळा आहे. त्यापुढे घर्षण भराभर वाढतं, पंप ओरडतो आणि वीज नळ्या घासण्यात जाते. ३४० लिटरसाठी ओढणारी नळी ७५ ची हवी आणि परतीची ६३ ची.

मग एकच मोठा पंप का नको? कारण तो दिवसातले आठ तास गाळणीसाठी चालणार आणि जेटसाठी वीस मिनिटं. पंपाचा वेग निम्मा केला तर प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी शक्ती जवळजवळ एक-अष्टमांशावर येते. मोटर सावकाश फिरवण्यातच बचत आहे. शेवटी गाळणीसाठी वेग कमी-जास्त करता येणारा एक पंप आणि जेटसाठी साधा, जोरदार दुसरा पंप असं ठरलं. स्पा उंचावर असल्याने त्याच्या परतीच्या नळीवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह, घातला, नाहीतर रात्री पंप बंद झाला की स्पातलं पाणी गुपचूप तलावात उतरतं आणि सकाळी बाकं उघडी पडतात. स्पात बुडबुड्यांसाठी हवा सोडणाऱ्या ब्लोअरची नळीही स्पाच्या पाण्यापेक्षा ३० सेंटिमीटर उंच वळसा देऊन आणली, म्हणजे पाणी उलटं ब्लोअरमध्ये शिरणार नाही.

नळ्यांचा विषय निघाला की मी ड्रेनच्या झाकणांवर येते आणि तिथे तडजोड करत नाही. अमेरिकेत २००२ साली एका स्पाच्या ड्रेनच्या ओढीत अडकून सात वर्षांची मुलगी बुडाली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. तिच्या आईने लावून धरल्यावर २००७ साली तिच्याच नावाने तिथे ड्रेनच्या झाकणांचा कायदा झाला. एकाच पंपाला एकच ड्रेन जोडलेला असेल आणि अंगाने तो झाकला गेला, तर पंपाची सगळी ओढ त्या अंगावर येते. मोठ्या माणसालाही तिथून सुटता येत नाही. इथे प्रत्येक पंपाला दोन ड्रेन दिले, एकमेकांपासून ९० सेंटिमीटरपेक्षा लांब, वर फुगीर झाकणं. एक झाकण पूर्ण झाकलं गेलं तरी दुसऱ्या एकट्याला सगळा प्रवाह झेपेल, अशा क्षमतेची. स्पात एवढं अंतर मिळेना, म्हणून एक ड्रेन तळाला आणि दुसरा भिंतीत घेतला.

गरम पाण्याचा हिशेब

मालकांनी १२ किलोवॅटचा हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, पाहून ठेवला होता. त्याने तलावही गरम होईल आणि स्पाही, अशी त्यांची समजूत होती.

स्पाचं पाणी २६ अंशांवरून ३८ वर न्यायचं तर २,७०० लिटरला जवळपास ३८ युनिट उष्णता लागते. १२ किलोवॅटने तीन तासांहून जास्त. आजींना सहा वाजता पाणी हवं असेल तर दुपारी अडीचलाच यंत्र सुरू करायला हवं. तलावाचं सगळं पाणी नुसतं एक अंशाने तापवायला ५६ युनिट लागतात, आणि ती उष्णता टिकतही नाही. उघड्या तलावातून उष्णता जाते ती मुख्यतः बाष्पीभवनाने. ३६ चौरस मीटरवरून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं, तर १८० लिटर झाले. एक लिटर उडताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता घेऊन जातो. म्हणजे दिवसाला १२० युनिट हवेत. १२ किलोवॅटचं यंत्र दहा तास चालवून आपण आभाळ तापवणार.

उपाय साधा होता, आच्छादन. पण ते दिसायला वाईट म्हणून मालकांना नको होतं. या एका मुद्द्यावर तीन बैठका झाल्या. शेवटी मालकीणबाईंनी तोडगा काढला : तलावाच्या उथळ टोकाला बसायचा कट्टा करायचा आणि गुंडाळीचा रूळ त्याच्या पोटात लपवायचा. त्यासाठी कट्ट्याचा पाया कवचाच्या सळयांबरोबरच बांधावा लागला. खोदाईनंतर हे सुचलं असतं तर वरातीमागून घोडं.

हीट पंप १७ किलोवॅटचा घेतला. स्पाला अडीच तास. हवा उबदार असेल तर हे यंत्र एका युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता देतं, त्यामुळे रोजचा खर्च आटोक्यात राहिला. पाण्याची झालर मात्र फक्त सकाळी दोन तास, कारण ती चालू असते तेव्हा स्पातली ऊब तलावात वाहून जाते. चित्रात ती दिवसरात्र पडत होती. तापमानाची वरची मर्यादा ४० अंशांवर कुलूपबंद केली. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजींनी किती वेळ बसायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारलं.

सळया, वीज आणि एक रात्र

सळया बांधून झाल्या की तलाव पहिल्यांदा तलावासारखा दिसतो, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना घाई होते. या टप्प्यावर मी तीन गोष्टी तपासते. सळयांवर सगळीकडे ५ सेंटिमीटर काँक्रीट बसेल का, बांधणीच्या तारेची टोकं आत वळवली आहेत का, आणि सळया एकमेकींशी व पुढे पंप, हीट पंप, कठडा या सगळ्यांशी तांब्याच्या तारेने जोडल्या आहेत का.

तिसऱ्यावर इलेक्ट्रिशियनचं उत्तर ठरलेलं असतं : "अर्थिंग दिलंय ना." दिलं होतंच. पण अर्थिंग वेगळं आणि ही जोडणी वेगळी. बिघाडातली वीज जमिनीत जाईपर्यंतच्या क्षणात ओल्या माणसाचा एक हात कठड्यावर आणि पाय पाण्यात असतो. त्या दोन जागांमध्ये विद्युतदाबाचा फरकच राहू नये, म्हणून सगळं धातूकाम एका पातळीवर आणायचं. काँक्रीट पडल्यावर सळई हाताला लागत नाही, म्हणून हे त्याच दिवशी. दिवे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर काठापासून साडेतीन मीटरपलीकडे, आणि सगळ्या जोडण्यांवर ३० मिलिअँपिअरला तुटणारं संरक्षण.

शॉटक्रीटच्या, म्हणजे दाबाने फवारायच्या काँक्रीटच्या, आदल्या संध्याकाळी सगळ्या नळ्या बंद करून पाण्याच्या दाबाखाली ठेवल्या. सकाळी स्पाच्या जेटच्या ओळीचा काटा निम्म्यावर आला होता. शोधल्यावर एका बाकाखालच्या एल्बोला, म्हणजे नळीच्या वळणाच्या जोडाला, चिकटवायचं सॉल्व्हंट अर्धवट लागलेलं सापडलं. तो जोड कापून नवा बसवायला चाळीस मिनिटं लागली. पुढचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं आणि कंत्राटदार माझ्याशी दिवसभर जेवढ्यास तेवढं बोलले. पण तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या दुसऱ्या कामांवरही रात्रभराची चाचणी सुरू केल्याचं त्यांच्या प्लंबरने मला नंतर सांगितलं.

शॉटक्रीटमध्ये भिंतीवर आपटून खाली पडणारा माल बाकांच्या पोटात भरायचा मोह गवंड्यांना होतो. तो माल म्हणजे नुसती खडी-वाळू, सिमेंट त्यातून गेलेलं असतं. तो उचलून बाहेर टाकायला माणूस उभा केला. नंतर सात दिवस दिवसातून अनेकदा पाणी मारलं, रात्री ओली पोती.

कुंपण

कुंपणाची उंची १.२ मीटर, गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी, फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होऊन कडी लागणारं. यावर वाद नव्हता. वाद होता चौथ्या बाजूचा. मालकांचं म्हणणं, तिथे घराचीच भिंत आहे, कुंपण कशाला? त्या भिंतीत स्वयंपाकघराचं दार होतं. आजी एवढंच म्हणाल्या, "धाकट्याला ती कडी काढता येते रे." चौथी बाजू झाली.

माझी चूक

पाण्याची झालर पडते तो ६० सेंटिमीटरचा दगडी ओठ. त्यावरून तासाला सुमारे २ घनमीटर पाणी जाणार होतं, म्हणजे ओठावरचा पाण्याचा थर जेमतेम ६ मिलिमीटर जाड. मी ओठाची पातळी कागदावर लिहिली होती, पण त्याचा मोठ्या प्रमाणातला छेद काढून दिला नव्हता. दगड किती पुढे यायचा, खाली पन्हळ हवी, भिंतीच्या माथ्यावर जलरोधक थर हवा, हे सगळं मी गवंड्यावर सोडलं. आतून दोन्ही टाक्या जलरोधक केल्या होत्या. त्या दोघींमधली भिंत बाहेरून कुणाचीच नव्हती.

पाणी भरल्यावर पहिल्याच दिवशी झालर फक्त डाव्या बाजूने पडली. ओठ एका टोकाला ४ मिलिमीटर उंच होता. फरशीत हा फरक कुणाच्या डोळ्यालाही लागला नसता, पण सहा मिलिमीटरच्या थरात तो म्हणजे अर्धी झालर गायब.

दुसऱ्या आठवड्यात मालकीणबाईंचा फोन आला, पाणी फार उतरतंय. बादलीची चाचणी केली : तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीत आणि तलावात पातळीची खूण करायची आणि चोवीस तासांनी दोन्ही मोजायच्या. बाष्पीभवन दोन्हीकडे सारखंच, जास्तीचं उतरेल ती गळती. बादलीत ५ मिलिमीटर, तलावात ९. चार मिलिमीटर म्हणजे रोज दीडशे लिटरच्या आसपास. कंत्राटदारांनी लगेच नळ्यांवर संशय घेतला, पण नळ्या तर रात्रभर दाबाखाली उभ्या राहिल्या होत्या. झालर बंद ठेवून चाचणी पुन्हा केली. दोन्हीकडे ५.

पाणी ओठावरून सरळ न पडता दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून मागे सरकत होतं, भिंतीच्या दगडी आवरणामागे शिरत होतं आणि तिथून जमिनीत. दर्शनी आवरण उतरवलं, माथ्यावर आणि बाहेरून जलरोधक थर दिला, नवा ओठ ३ सेंटिमीटर पुढे काढून त्याच्या पोटाला पन्हळ कोरली आणि नळीतल्या पाण्याने पातळी बघत तो बसवला. नऊ दिवस गेले. त्याचं शुल्क मी लावलं नाही.

पाणी वळणावर आणताना

नवं प्लास्टर पहिले काही आठवडे पाण्याचा पीएच वर ढकलत राहतं. रोज दोनदा ब्रश, रोज तपासणी आणि धूळ संपेपर्यंत हीट पंप बंद. मुलांनी या दिवसांत माझं नाव काय ठेवलं होतं ते मला नंतर कळलं.

स्पाला मात्र हे कायमचंच आहे. ब्लोअरची हवा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हाकलते आणि पीएच चढतो. ७.२ पीएचला क्लोरीनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ८ ला तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतो. वर माणसांचा भार. चार माणसं स्पात बसली, तर पाण्याच्या हिशेबाने ती तलावात बहात्तर माणसं उतरण्यासारखी. कोमट पाणी फुप्फुसांचा आजार करणाऱ्या लेजिओनेलासारख्या जंतूंना मानवतं, आणि बुडबुड्यांतून उडणारे तुषार थेट श्वासात जातात. म्हणून स्पात बसून झालं की क्लोरीन तपासायचं, पीएच ७.२ ते ७.६ मध्ये धरायचा, आणि सकाळच्या दोन तासांत झालरीवाटे स्पाचं पाणी तलावाशी बदलून घ्यायचं.

कंत्राटदारांनी बारा आठवडे सांगितले होते. चाचणी-खड्ड्यापासून पहिल्या डुबकीपर्यंत सव्वीस लागले. मालक सकाळी पोहतात, वळत वळत. धाकटा पोहायला शिकला. स्पा रोज संध्याकाळी लागतो आणि आजींनी टायमर सहावरून साडेपाचवर आणला आहे.

गेल्या पावसात मालकांचा फोन आला. तळाला, मुख्य ड्रेनजवळ, बोटाच्या पेराएवढा गंजाचा डाग दिसतोय. तारेचं एक टोक आत वळवायचं राहिलं असणार. तलाव रिकामा करून एकदाचं नीट करून टाकू का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, आधी विहिरीत पट्टी सोडून बघा. पाच मिनिटांनी त्यांनी आकडा सांगितला : ६५.

डाग अजून तिथेच आहे.